बसस्टॉपवरचा लाजरा हिरो

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

भाकऱ्या झाल्या असतील तर बसून ऐका, नसतील तर थापता थापता ऐका. आज कर्जाचा हप्ता नाही, गांडूळखत नाही, लसीकरण नाही. आज एका पिक्चरची गोष्ट सांगणार आहे. पिक्चर हिंदी, पण हिरो आपला मराठी. आणि हिरो असा की बघितल्यावर तुम्ही म्हणाल, ह्याला हिरो कुणी केलं?

साल १९७६. पिक्चरचं नाव 'छोटी सी बात'. त्याच्या आदल्याच वर्षी 'शोले' आणि 'दीवार' येऊन गेले होते. म्हणजे लोकांना सवय लागली होती ती बंदुकीची, घोड्यांची, एका हाताने दहा जणांना लोळवणाऱ्या माणसाची. अशा वेळी बासू चटर्जी नावाच्या दिग्दर्शकाने पडद्यावर आणला मुंबईतल्या ऑफिसात काम करणारा एक साधा पोरगा. अरुण त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून भांग, आणि समोर मुलगी आली की घशाला कोरड. मारामारी सोडाच, ह्याला बसमध्ये कंडक्टरशीसुद्धा वाद घालता येणार नाही असा.

हा अरुण रोज बसस्टॉपवर उभा राहतो. तिथेच प्रभा नावाची मुलगी असते, तीही ऑफिसात नोकरी करणारी. दोघांची ऑफिसं वेगळी, पण बस एक. ह्याला ती आवडते. पण बोलायचं कसं? मनात मोठमोठी भाषणं तयार, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मग हा काय करतो, तर तिच्या मागे मागे तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. असं रोज.

मग गोष्टीत येतो नागेश. प्रभाच्याच ऑफिसातला. असरानींनी काय झकास उभा केलाय तो! हा नागेश म्हणजे तोंडाने जग जिंकणारा. ह्याच्याकडे स्कूटर. प्रभाला "चला, सोडतो" म्हणायला ह्याला एक क्षण लागत नाही. बोलणाऱ्याची माती खपते आणि गप्प बसणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, तशातली गत. बिचारा अरुण स्कूटरला उत्तर म्हणून मोटारसायकल विकत घेतो, तर तीही खटारा निघते. ज्योतिषी झाले, बुवा झाले, सगळं करून बघतो. शेवटी खंडाळ्याला एका कर्नलसाहेबांकडे जातो. अशोककुमारनी केलेले हे कर्नल लाजऱ्याबुजऱ्या पुरुषांना धीट करायचा क्लासच चालवत असतात. कसं चालायचं, कसं बोलायचं, समोरच्याला कसं गार करायचं. गंमत म्हणजे त्या काळातला सगळ्यात दणकट हिरो अमिताभ बच्चन, तोसुद्धा ह्या कर्नलांकडे सल्ला मागायला आलेला दाखवलाय. अरुण शिकून परत येतो आणि नागेशची बोलती बंद करतो. बाकीचं सांगत नाही, बघाल तेव्हा बघा.

हा अरुण झालेला माणूस म्हणजे अमोल पालेकर. १९४४ चा जन्म, मुंबईचे. शिकले चित्रकला, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. नाटकं करायची ती सत्यदेव दुबे यांच्याबरोबर. आणि पोटासाठी नोकरी कुठे? बँक ऑफ इंडियात! म्हणजे पडद्यावरचा कारकून हा खरोखरीच टेबलाला बसून सही-शिक्के केलेला माणूस होता. म्हणून त्यांचं फाईल उचलणं, घड्याळाकडे बघणं, साहेबांच्या केबिनच्या दाराशी थबकणं, सगळं खरं वाटतं. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' असे त्यांचे लागोपाठ तीन पिक्चर पंचवीस-पंचवीस आठवडे चालले. लोकांना शोलेही हवा होता आणि हा घाम पुसणारा अरुणही हवा होता.

प्रभाचं काम केलं विद्या सिन्हा यांनी. साधी साडी, खांद्याला पर्स, केसांची वेणी. त्या वेळी हिरॉईनचं लग्न झालेलं असेल तर लोक पिक्चरला येत नाहीत असा समज होता. विद्याताईंचं लग्न आधीच झालेलं होतं आणि पिक्चर तरी चालले. हे मला फार आवडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या बसस्टॉपचं आम्हाला काय? तर सकाळी सात-साडेसातला आपल्या गावच्या फाट्यावर जरा बघा. किती पोरी उभ्या असतात! कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कुणी शिरोलीत, कुणी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, कुणी शाहूपुरीत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला, कुणी राजारामपुरीत दवाखान्यात. हातात डबा, गळ्यात ओळखपत्र, पर्समध्ये एसटीचा पास. आमच्या तरुणपणी फाट्यावर उभी राहणारी बाई म्हणजे एक तर माहेरी निघालेली किंवा दवाखान्यात. आता ती कामाला निघालेली आहे. आणि जिथे पोरं-पोरी रोज आठ तास एका छपराखाली काम करतात, तिथे कुणीतरी कुणालातरी आवडणार. हे काही आभाळ कोसळणं नव्हे. आपल्या घरातही हे येणार आहे, कुणाच्या घरात येऊन बसलंही आहे.

म्हणून ह्या पिक्चरातली एक गोष्ट नीट बघायला सांगते. अरुण प्रभाच्या मागे मागे जातो. प्रभाला ते माहीत असतं. सुरुवातीपासून माहीत असतं! तिला तो आवडतो, त्याची धांदल बघून तिला मनातून हसू येतं, आणि हा एकदा तोंड उघडेल का याची ती वाट बघत असते. दिग्दर्शकाने ते आपल्याला दाखवलंय म्हणून आपण निर्धास्त हसतो. पण हेच तिला आवडत नसतं तर? रोज एक माणूस मागे येतोय, ऑफिसच्या दारापर्यंत येतोय, काही बोलत नाही, नुसता येतोय. तीच बस, तोच रस्ता, तोच माणूस. मग ह्याच पिक्चरचा अंगावर काटा आला असता की नाही?

माझं म्हणणं एवढंच की फरक पोराच्या लाजण्यात नाही, फरक पोरीच्या मनात आहे. आणि पोरीच्या मनातलं विचारल्याशिवाय कळत नाही. पिक्चर बघून बघून आपल्या पोरांची समजूत अशी झालीय की मागे लागलं की पोरगी पटते. नकार म्हणजे लाजणं, गप्प बसणं म्हणजे होकार. अहो, शंभर पिक्चरात हेच दाखवलंय! हिरो दांडगट असला तर उघड पाठलाग करतो, लाजरा असला तर लपून करतो. लाजऱ्याला सगळं माफ, असं नाही चालायचं.

कायद्याने आता हा गुन्हा आहे. बाईने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, गाठायला बघणं, किंवा ती मोबाईलवर, इंटरनेटवर काय करते याच्यावर पाळत ठेवणं, ह्याला पाठलाग म्हणतात. २०१३ साली हा गुन्हा कायद्यात आला. आता १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम ७८ मध्ये आहे. पहिल्यांदा गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. अडचणीच्या वेळी ११२ नंबर लागतो, महिलांच्या मदतीसाठी १८१ आहे. हे दोन नंबर पोरींच्या फोनमध्ये घालून ठेवा, आणि स्वतःच्याही.

आणि मागे येणारा बसस्टॉपवरचा नसून कामावरचाच असला तर? सुपरवायझर असला, मालक असला, शेजारच्या मशीनवरचा असला तर? त्याचा कायदा वेगळा आहे आणि तो मिळाला कसा, ते आपल्यासारख्याच एका खेड्यातल्या बाईमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी. सरकारच्या योजनेत 'साथिन' म्हणून गावात काम करायच्या. १९९२ साली एका अगदी लहान मुलीचं लग्न थांबवायला गेल्या, म्हणून गावातल्या लोकांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. काम करताना झालेला हा अत्याचार. त्यावरून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ साली कोर्टाने विशाखा निकाल दिला, की कामाच्या जागी बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याचाच पुढे २०१३ साली पक्का कायदा झाला.

त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाईच, आणि समितीत निम्म्या तरी बायका, शिवाय एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे, बरं का. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची, असं कायद्यातच म्हटलंय. कंपनीने दिलेल्या गाडीतून जाता-येता काही घडलं तरी ते कामाची जागाच धरतात. पोरगी नवीन कामाला लागली की पगार किती हे आपण पहिल्यांदा विचारतो. तिथे समिती आहे का, बोर्डावर नावं लावलीत का, हेही विचारा.

असो. पिक्चरकडे परत येते.

मला त्या खंडाळ्याच्या भागाबद्दल बोलायचंय. सगळ्यांना तो भाग सर्वांत आवडतो, कारण हसू खूप येतं. मला तो तेवढा आवडत नाही. पिक्चरची मूळ कल्पना १९६० सालच्या एका इंग्रजी पिक्चरवरून घेतलेली आहे, त्याच्या नावाचाच अर्थ होतो 'लबाडांची शाळा'. तर अरुण तिथे काय शिकतो? दुसऱ्याला खाली कसं दाखवायचं. नागेशला चार लोकांत बावळट कसं ठरवायचं. म्हणजे नागेशला हरवायला हा स्वतःच नागेश होतो! पण प्रभाला तर तो तसाच आवडत होता ना, अडखळणारा? मग ही शाळा कशासाठी? तिला त्याच्याकडून फक्त एक वाक्य ऐकायचं होतं. आपल्याकडे पोराला कुणी हे शिकवतच नाही, की सरळ समोर उभं राहून, रस्ता न अडवता, "मला तुम्ही आवडता, तुमचं काय मत?" एवढं विचारायचं, आणि नाही म्हणाली तर "बरं" म्हणून बाजूला व्हायचं. आपण शिकवतो काय? पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय, लाजतोस काय. लाजणारा पोरगा म्हटलं की गल्लीतली पोरं त्याला बाईलवेडा म्हणतील, नाहीतर आणखी काही. स्थळ बघायला जातो तेव्हाही बघा, पोरगा खाली मान घालून बसला, हळू बोलला की आपल्याच बायका बाहेर येऊन म्हणतात, "काय दम नाही गं त्याच्यात." आणि जो सासऱ्यासमोर पायावर पाय टाकून बसतो तो "कर्तबगार दिसतोय."

आता मी असंही म्हणत नाही की गप्प बसणारा तेवढा चांगला. ह्याच अमोल पालेकरांचा दुसरा एक पिक्चर आहे, 'घरौंदा', १९७७ चा, भीमसेन यांनी केलेला. तोही ऑफिसातलाच. सुदीप आणि छाया एकाच ऑफिसात काम करतात. दोघांचं ठरलंय, लग्न करायचं, पण राहायचं कुठे? मुंबईत जागा नाही. पै पै साठवून फ्लॅटसाठी पैसे भरतात, आणि बिल्डर बुडवतो. आपल्यातल्या कुणी प्लॉटच्या, भिशीच्या नावाखाली पैसे घालवले असतील त्यांना हे बघताना पोटात खड्डा पडेल. तर त्यांच्या ऑफिसचे मालक, मोदी, वयाने मोठे, विधुर, हृदयाचा आजार. हे काम आपल्या डॉ. श्रीराम लागूंनी केलंय, त्यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. मोदींना छायाशी लग्न करायची इच्छा असते. आणि सुदीप, आपला भोळा, साधा, पालेकर चेहऱ्याचा सुदीप, छायाला काय म्हणतो? कर लग्न. म्हातारा किती दिवस जगणार? मग पैसा आपला, घर आपलं.

बघा म्हणजे! तोच चेहरा, तेच खाली बघून बोलणं. ज्याच्यासाठी ती बसभाडं वाचवून चालत जात असेल, त्याने तिची किंमत केली फ्लॅटएवढी. छायाच्या अंगावर घरची जबाबदारी आहे, ती लग्न करते. आणि मग होतं वेगळंच. मोदी तिच्याशी माणसासारखे वागतात, त्यांची तब्येत सुधारते. छाया त्यांच्या संसारात मन घालते. सुदीप जेव्हा तिला परत बोलवायला बघतो तेव्हा ती जात नाही.

ह्या पिक्चरवर बायकांच्यात भांडण लागलेलं मी ऐकलंय. एक मावशी म्हणाल्या, बरं केलंन् तिनं, ज्यानं विकलं त्याच्याकडे कशाला जायचं? दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, पण त्या साहेबाचं तरी काय, आपल्याच हाताखालच्या मुलीला मागणी घालायची, ती गरीब आहे हे माहीत असताना? तिने नाही म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती का? दोघींचंही खरं आहे. मोदी चांगला निघाला हे छायाचं नशीब. मागणी घातली तेव्हा तो साहेबच होता आणि ती कारकूनच.

वयाने मोठा नवरा म्हटलं की मला 'कुंकू' आठवतो. १९३७ सालचा, प्रभात कंपनीचा. ही प्रभात १९२९ साली आपल्या कोल्हापुरातच निघाली आणि मग १९३३ मध्ये पुण्याला गेली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तेही कोल्हापूरचेच. कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून. त्यातली नीरा, फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली, शांता आपटे यांनी केलेली, ती सरळ सांगते की मला हे मान्य नाही. नव्वद वर्षं होत आली त्याला. नीराला नोकरी नव्हती, पास नव्हता, पर्स नव्हती. तरी तिला 'नाही' म्हणता आलं. छायाला पगार होता, तरी 'हो' म्हणावं लागलं. हे दोन पिक्चर एकापाठोपाठ बघा, रात्रभर झोप येणार नाही.

आता शेवटचा भाग, आणि हा जरा नाजूक आहे. पोरगीला कामावरचा पोरगा आवडला, पोरगा चांगला आहे, तिला विचारून, मान राखून वागतो. सगळं जुळतंय. फक्त जात जुळत नाही. मग काय करतो आपण? नोकरी बंद, मोबाईल बंद, महिन्याच्या आत मिळेल त्या स्थळाला बोहल्यावर. खरं की नाही?

मैत्रिणींनो, आपल्या ह्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदा केला. देशाला स्वातंत्र्य मिळायच्या अठ्ठावीस वर्षं आधी! देशात आज जो विशेष विवाह कायदा आहे तो १९५४ चा. त्यात मुलगी अठरा पूर्ण, मुलगा एकवीस पूर्ण, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार, झालं लग्न. जात विचारत नाहीत, धर्म बदलायला लागत नाही. दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याला आपण दरवर्षी हार घालतो, आणि घरात त्यांचाच कायदा चालू देत नाही.

पोरीने घरी येऊन सांगितलं की आई, मला कामावरचा एक जण आवडतो, तर पहिला प्रश्न "कोणत्या जातीचा" असा तोंडातून येईलच, आपण तशाच वाढलोय. पण त्याच्या आधी तीन-चार प्रश्न विचारता येतात का बघा. तू नाही म्हणालीस तर तो काय करेल? रागावला की काय करतो? तुझा पगार कुणाच्या हातात असावा असं त्याला वाटतं? तुझ्या मागे येतो की तुझ्याबरोबर चालतो? आणि हेच प्रश्न आपण ठरवून आणलेल्या, जातीतल्या, बागायती असलेल्या, कर्तबगार दिसणाऱ्या स्थळालाही लावायचे. तिथे कुणी लावत नाही.

'छोटी सी बात' मोबाईलवर बघायला मिळतो. पुढच्या महिन्याच्या बैठकीला हप्ते गोळा झाले की सगळ्यांनी मिळून बघा. पोरग्यांनाही बसवा, पोरींनाच नको. आणि प्रभाने अरुणला इतके दिवस स्वतःहून का नाही विचारलं, यावर गटात काय बोलणं झालं ते आम्हाला फोन करून किंवा पोस्टकार्डावर कळवा. तुमची उत्तरं इथेच वाचून दाखवू. रामराम.